माझ्याच रंगाचं

सतराव्या वर्षी माझं तोंड इतकं तेलकट होतं की सकाळी उठल्यावर उशाला घेतलेल्या धडप्यावर गालाचा गोल डाग पडलेला असे. वर रंग गोरा. गोरा म्हणजे गुलाबी नव्हे, सोललेल्या बटाट्यासारखा फिका. त्यावर लाल पुटकुळ्या. पुटकुळ्या सावळ्या मुलींनाही येत होत्या, पण त्यांच्या तोंडावर त्या जरा लपत. माझी प्रत्येक पुटकुळी पलीकडच्या बांधावरून मोजता आली असती.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला. घरी भातशेती, दोन म्हशी, सकाळी शेण आणि पाणी. शाळा पौडला, दीड तास चालत. साठ सालाच्या आगेमागची ही गोष्ट. त्या वाटेवर बरोबरीच्या मुली मला म्हणत, "काय गं, आज लई मव्हरी फुटलीया तव्यावर?" मी त्यांना काही बोलत नसे. उत्तर शोधण्यापेक्षा उपाय शोधावा असं मला तेव्हाही वाटे.

आईकडे गेलं की ती म्हणे, "गोरी हायेस, आनि काय पायजे तुला? लोकांच्या पोरी गोऱ्या व्हायला मरत्यात."

"मला गोरं न्हाई व्हायचं. मला तोंड सारखं दिसायला पायजे."

"सारखं म्हंजी?"

"एका रंगाचं."

हे तिला कधीच कळलं नाही. त्या काळात आमच्याकडे तोंडाला जे काही लावत, ते गोरं दिसण्यासाठी लावत. मला माझ्याच रंगाचं काहीतरी हवं होतं, आणि तसं काही बाजारात नव्हतं. हल्ली दुकानात बाटल्यांची ओळ लावलेली असते, प्रत्येकीच्या रंगाची वेगळी. मुली हाताच्या पाठीवर थेंब घेऊन बघतात. जबड्यावर घेऊन बघा, असं मला त्यांना सांगावंसं वाटतं. हाताचा रंग आणि तोंडाचा रंग एक नसतो. हे मला एका शिंप्याने शिकवलं.

पण शिंप्याच्या आधी मी दोन चुका केल्या. पहिली, स्नो, म्हणजे तोंडाला चोळायचं पांढरं क्रीम. पुण्याहून आलेल्या मावसबहिणीने काचेच्या बाटलीतला उरलेला स्नो मला दिला. वास फार छान. सकाळी लावला आणि शाळेला निघाले, तर ओढा ओलांडेपर्यंत तो घामात मिसळून हनुवटीवर उतरला. तेलावर तेल चढवल्यासारखं झालं. चार दिवसांत नव्या पुटकुळ्या आल्या. उरलेला स्नो मी म्हशीच्या शिंगाला चोळून संपवला. शिंग मात्र छान चकाकलं.

दुसरी चूक, बाजारातली पावडर. पौडच्या आठवडी बाजारात बांगड्यावाल्याकडे कागदाच्या पुड्यांतून गुलाबी पावडर मिळे. ती फिक्या तोंडावर लावली तर दोन रंग एकमेकांशी भांडतात. घामाची धार आली की मधूनमधून रेघा पडत. वाटेत एक मुलगी म्हणाली, "पिठाच्या गिरनीत रातपाळी केलीस व्हय गं?" यावेळी मला पटलं. आरशात बघितलं तर खरोखर मी गिरणीतून आल्यासारखी दिसत होते.

आमच्या गावच्या शिंप्याला सगळे मामा म्हणत. दिवसभर बंड्या आणि चोळ्या शिवी, आणि जत्रेच्या नाटकात बायकांची कामं करी. चाळिशीचा माणूस, पण गॅसबत्तीखाली राणी होऊन उभा राहिला की खरी बाई मागे बसावी. मी त्याला विचारायला गेले तेव्हा तो मशीनवर होता.

"मामा, तुमी तोंडाला काय लावता?"

"का? नाटकात काम करतीस?"

"न्हाई. शाळंत जायचंय."

तो हसला नाही, म्हणून मी थांबले. त्याने मशीन थांबवली, सुईतला दोरा तोडला आणि मला म्हणाला, "हिकडं दाराशी ये, उजेडात." माझी हनुवटी वर करून त्याने कापड बघावं तसं बघितलं. मग सांगितलं की तो जस्ताची पांढरी भुकटी, भिंतीला लावायची पिवडी आणि गेरू खोबरेल तेलात कालवतो.

"पर माझं तुला चालायचं न्हाई. मला बत्तीखाली दिसायचं असतं, लांबनं. तुला उन्हात दिसायचंय, जवळनं. आनि त्यात तेल. तुझ्या तोंडावर आदीच पावशेर हाय."

"मग?"

"तेल सोडून कशात तरी कालव. आनि रंग कसा मिळवायचा, बघ." त्याने एका जांभळ्या खणाच्या तुकड्यावर तीन रिळांचे दोरे आडवे ठेवले. घरात तिन्ही सारखे दिसत होते. उंबऱ्याबाहेर उन्हात नेले, तर दोन उठून दिसले आणि तिसरा कापडात हरवला. "ह्यो मिळाला. जो दोरा दिसत न्हाई त्यो मिळाला. तुझा रंग जबड्यावर ठिवून बघ. हातावर न्हाई. हात उन्हानं रापलेला असतो. जबड्यावर दिसंनासा झाला की समज मिळाला."

रंग कशात कालवायचा, ते त्या पावसाळ्यात कळलं. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून माझ्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. पौडच्या दवाखान्यात कंपौंडरने मी नेलेल्या धुतलेल्या बाटलीत एक गुलाबी पातळ औषध भरून दिलं. वर लाल कागदाची पट्टी चिकटवली आणि शाईने लिहिलं, 'बाहेरून लावण्यासाठी. हलवून वापरणे.' कॅलामाइन म्हणतात त्याला. उन्हाळ्यात घामोळ्यालाही तेच देत. हातावर लावलं, वाळलं, आणि मी हात उन्हात धरून बघत राहिले. जिथे औषध होतं तिथे चकाकी गेली होती. पुरळ दिसत नव्हतं. फक्त गुलाबी रंग जास्त होता.

मी त्यात चिमूटभर पिवडी टाकली.

हे वाचायला सोपं वाटतं. बरोबर चिमूट सापडायला मला दीड महिना लागला. पिवडी जास्त झाली की कावीळ झाल्यासारखं दिसे, कमी झाली की गुलाबी. शेवटी गुलाबी आणि पिवळा एकमेकांना खाऊन बसतात, तिथे थांबायचं. लावायची रीतही ठरवली. आधी डाळीच्या पिठाने तोंड धुवायचं, साबणाने नाही. कोरडं करायचं. बाटली हलवून मलमलीच्या ओल्या चिंधीवर थोडं घ्यायचं, थापायचं, चोळायचं नाही. पुटकुळीवर पुन्हा एकदा बोटाने टेकवायचं. जबड्यापाशी थांबायचं नाही, मानेपर्यंत न्यायचं, नाहीतर मुखवटा घातल्यासारखं दिसतं. वरून आंबेमोहोराच्या तांदळाची पिठी, दोनदा वस्त्रगाळ केलेली, हलक्या हाताने. आणि कानशिलापाशी केसांना तेल लावायचं नाही. निम्म्या पुटकुळ्या त्या तेलाच्या होत्या, हे माझं मत आजही आहे. औषध दवाखान्यात फुकट मिळे. सगळ्याला खर्च म्हणाल तर पिवडीचा, आणि पिवडी भिंतीसाठी घरात होतीच.

मी तशीच शिंपीमामाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. त्याने उन्हात बघितलं, सावलीत बघितलं.

"लावलंयस?"

"व्हय."

"दोरा मिळाला गं," तो म्हणाला, आणि परत मशीन मारू लागला.

त्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर मोहरी फुटणं बंद झालं. कुणी काही बोलेना. मुलींना काय बदललं ते कळत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

दहावीत असताना (मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे), चैत्रात, मला बघायला तालुक्यातल्याच चांदे गावचे लोक येणार असं ठरलं. मुलगा पुण्यात एका कारखान्यात फिटर होता. मध्यस्थाने सांगितलं होतं की मुलगा शिकलेला आहे आणि मुलीला मॅट्रिक करू देईल. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मला लग्नच नको होतं. मला ते स्थळ हवं होतं. पुण्याला खोलीत नळ होता. मॅट्रिक होणार होतं. शेण काढून दीड तास चालून शाळेत जाणं संपणार होतं. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन बसले होते.

आई म्हणाली, "त्या दिशी ते तुझं औशिद लावू नगं. पांढरी पावडर लाव."

"पांढरी माझ्या तोंडावर दिसती."

"दिसंना का. दिसायलाच लावत्यात. त्यांची बाई पदर वला करून पुसून बघंल. पावडर निघंल, खाली गोरीच निघशील. समद्यांचं असंच असतं."

आमच्याकडची ही रीत इथे सांगायला हवी. मुलगी बघताना मुलाकडची एखादी वडीलधारी बाई पदराचं टोक पाण्यात भिजवून मुलीचा गाल पुसून बघे. पावडर किती आणि कातडी किती, याची परीक्षा. सगळ्या मुली पांढरी पावडर लावत, सगळ्यांची पुसली जाई, पदर पांढरा होई, सगळे हसत, आणि पुढचं बोलणं सुरू होई. पांढऱ्या पदराला कुणी वाईट म्हणत नसे. ती लबाडी सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून ती लबाडी राहिली नव्हती.

"आपल्याच रंगाचं लावून काय उपेग?" आईने विचारलं.

मी तिचं ऐकलं नाही. आज विचार करते तेव्हा दिसतं की तिचं बोलणं अगदी बरोबर होतं. तरी आजही मी माझ्याच रंगाचं लावीन.

पाहुणे दुपारच्या उन्हात आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्या बारीक अंगाची, चटपटीत, घरात शिरल्या शिरल्या छपरापासून चुलीपर्यंत सगळं बघणारी. मुलगा नाकीडोळी नीट होता, मान खाली. आमचे आबा, म्हणजे वडील, मुलाच्या वडिलांशी भाताच्या बियाण्याचं बोलत होते. मी पोहे आणि चहा दिला. आत्याने मला चालायला सांगितलं, चालले. वाचायला सांगितलं, वाचलं. तांदूळ निवडायला दिले, निवडले.

"लई चांगलीया," आत्या म्हणाली. "तोंड कसं तुळतुळीत हाय. आमच्या पोराला शोभतीया."

मुलाने तेव्हा मान वर करून एकदा बघितलं. मला वाटलं, झालं.

मग आत्याने पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं, म्हणाली, "रीत हाय बाई, रागवू नगंस," आणि माझा उजवा गाल पुसला. पदराकडे बघितलं. पुन्हा पुसला. पुन्हा बघितलं. उठून दाराशी उजेडात गेली.

"ह्ये काय?"

"पावडर असंल," आई घाईने म्हणाली.

"पावडर पांढरी असती. ह्ये कातड्याच्या रंगाचं हाय. हिच्या तोंडाच्याच रंगाचं."

आत्या हात धुवायला म्हणून आत मोरीकडे गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात माझी बाटली होती. आरशाशेजारच्या कोनाड्यात मी ती उघडीच ठेवली होती. लपवायचं काही आहे असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने लाल पट्टी पुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. पण दवाखान्यातली लाल पट्टी म्हणजे काहीतरी मोठं दुखणं, एवढं तिला ठाऊक होतं.

"दवाखान्याची बाटली हाय ही. काय दुखनं हाय पोरीला?"

"घामोळ्याचं हाय ते, आत्याबाई," आई म्हणाली.

"चैतात घामोळं, कबूल. पर घामोळ्याचं औशिद तोंडाला कोन लावतं? आनि रंग मिळवून?" ती मुलाच्या वडिलांकडे वळली. "दादा, ऐका. गोरं दिसाया लावलं असतं तर मी हसले असते. माझ्या पोरींनी बी लावलं. आपल्याच रंगाचं मानूस कदी लावतं? जवा खाली दुसरा रंग असतो तवा." आणि मग आवाज खाली करून तो शब्द म्हणाली, "कोड."

ज्यांना त्या शब्दाचं वजन ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एका मुलीला कोड आहे असं म्हटलं की तिचंच नाही, तिच्या पाठच्या बहिणीचंही लग्न अडत असे. त्यात त्या बिचाऱ्या कोड असलेल्यांचा काय दोष, हे विचारायला कुणी नव्हतं. मीही तेव्हा विचारलं नाही. मला फक्त पुण्याचा नळ हातातून जाताना दिसत होता.

आणि एक कबूल करायला पाहिजे. त्या बाईचा हिशोब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. तिने जन्मभर जे बघितलं होतं त्यावरून तो बरोबर येत होता. मी रंग इतका नीट मिळवला होता की तो मिळवण्याचं दुसरं कारण तिला सुचणंच शक्य नव्हतं.

मी उठले. "पानी दे," आईला म्हणाले. अंगणात धुण्याच्या दगडापाशी बसले, डाळीचं पीठ मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर तोंड धुतलं. मान धुतली. कानामागे धुतलं. तोंड न पुसता तशीच उन्हात उभी राहिले. उन्हाने आणि चोळण्याने पुटकुळ्या लालभडक झाल्या असणार.

"ह्ये झाकायला लावलं व्हतं," मी म्हणाले. "बघा. मोजा पायजे तर."

आत्या अगदी जवळ आली. नाकाला नाक लागेल इतकी. कपाळ, डोळ्यांच्या कडा, ओठांच्या कडा, सगळं नीट बघितलं. कोडाचे डाग कुठे आधी येतात हे तिला माहीत होतं.

"तोंडावर न्हाई," ती म्हणाली. आईने श्वास सोडला. मीही. तेवढ्यात आत्या म्हणाली, "पर अंगावर असंल. पाठीवर असतं. आत चल पोरी, दार लावून बघते. मंजी मन मोकळं हुईल."

"न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई कसं? बाईमानूसच हाय की मी."

"तोंड दावायला बोलावलं व्हतं. तोंड दावलं. धुऊन बी दावलं. पुढचं न्हाई."

"काय न्हाई तर दावाया काय हुतंय?"

"काय न्हाई म्हनूनच दावनार न्हाई."

आई माझा दंड धरून कुजबुजली, "दाव की गं एकदा. पुण्याचं स्थळ हाय. एवढ्याशा गोष्टीपायी घालवतीस?" ती रडायच्या बेतात होती. मी मुलाकडे बघितलं. खरं सांगते, तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. 'राहू दे आत्या' एवढे तीन शब्द पुरले असते. शिकलेला होता. फिटर होता, यंत्र नीट बसलंय की नाही हे बाहेरून ओळखत असणार. तो कपबशीत बघत होता. चहा संपला होता तरी बघत होता.

तेव्हा मी त्याच्याकडे बघूनच बोलले. "तुमच्या पाठीवर काय हाय ते आमी कुटं बघितलंय? आदी तुमी आत चला. आमचे आबा बघत्याल. मग मी दावते."

त्याचे कान लाल झाले. त्याचे वडील उठले आणि टोपी घालू लागले. आत्या म्हणाली, "जिभंला हाड न्हाई पोरीच्या. कोड परवडलं!" आणि बाटली माझ्या हातात ठेवून निघाली. मी ती नीट बूच लावून कोनाड्यात ठेवली. अर्धी भरलेली होती.

पाहुणे बांध ओलांडून गेल्यावर आबा तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "म्हशी सोडायच्या हायेत. तोंड धुऊन झालं असंल तर जा." आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवायला मात्र वाढत होती, आणि वाढताना ताट जरा जोरात ठेवत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोष्ट आमच्या आधी पौडला पोचली होती. बांगड्यावाला आधी माझे हात उजेडात धरी, मग बांगडी भरी. शाळेत एकीने माझ्याशेजारी बसणं सोडलं. आठ दिवसांनी आई बोलली ती एवढंच, "आता तरी बंद कर ते लावनं."

मी विचार केला. लावणं बंद केलं तर म्हणतील, पकडली गेली म्हणून सोडलं. लावत राहिले तर म्हणतील, अजून झाकते. दोन्हीकडून तेच. मग माझ्या सोयीचं का करू नये? मी रोज लावू लागले. पूर्वी शाळेपुरतं लावत होते, आता शेतावर जातानाही. आणि रोज संध्याकाळी तोंड धुवायला घरच्या मोरीवर न बसता गावच्या विहिरीवर जाऊ लागले. बायका पाणी भरायला आलेल्या असत त्या वेळी. डाळीच्या पिठाची वाटी काठावर ठेवायची, बाह्या वर खोचायच्या, तोंड, मान, हात कोपरापर्यंत धुवायचे. बघा म्हणायचंही नाही. पहिले काही दिवस सगळ्या बघत. कळशी भरून वाहिली तरी लक्ष नसे. महिनाभरात त्यांना कंटाळा आला. एक म्हातारी म्हणाली, "ए बाई, बाजूला बसून धू की. वाटंत बसतीस रोज." तेव्हा मला कळलं की माझं कोड बरं झालं.

त्यानंतर मुली येऊ लागल्या. आधी चोरून, मग उघड. पहिली आली ती गिरणीत रातपाळी म्हणणारीच. शिंपीमामाच्या उंबऱ्यावर उन्हात उभी करून मी तिचा जबडा बघितला. ती सावळी होती, तिला गेरू जास्त लागला.

"जरा पांढरं कर की," ती म्हणाली.

"पांढरं बाजारात मिळतं. माझ्याकडं तुझ्या रंगाचं मिळंल."

ती चिडून गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. काही परत आल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी रंग बदलला नाही. कार्तिकात कंपौंडरने मला विचारलं, "तुमच्या गावात थंडीत कसलं घामोळं येतं गं?" मी खरं सांगितलं. त्याने बाटली भरून दिली आणि म्हणाला, "लाल पट्टी लावू की नको?" मी म्हटलं, लावा.

मॅट्रिक मी पौडलाच झाले. पुण्याचा नळ नव्हता, म्हशी होत्या, आणि दीड तास जाताना, दीड तास येताना. त्या फिटरचं लग्न त्याच वर्षी झालं असं ऐकलं. माझं काही अडलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण अडलं. दोन वर्षं एकही स्थळ आलं नाही. आई देवाला बोलत होती, मला नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते, तोंडावर रोजच्यासारखं लावून.

मग एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, त्याच्याबरोबर त्याची आई. ती दोघं पायातल्या वहाणा काढत होती तेव्हाच मी उंबऱ्यावर आले. आई मागून लुगड्याला ओढत होती. मी म्हणाले, "मी तोंडाला लावलंय. पुटकुळ्या हायेत, त्या झाकायला. पुसून बघायचं असंल तर आत्ताच पुसा, पानी आनते. मग पोहे खा. अंगावरचं काय बघू देनार न्हाई."

मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली. मुलाने डोक्यावरची टोपी काढली. तोपर्यंत तो छपराच्या सावलीत होता, आता एक पाऊल मागे, उन्हात गेला. त्याच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाऊस पडून गेलेल्या धुळीसारखे.

"ते माझ्या रंगाचं हुईल का?" त्याने विचारलं.

मी त्याला तिथेच उन्हात थांबवलं, हनुवटी जरा वर करायला लावली आणि जबडा बघितला. आईने मागे कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

"रंग मिळंल," मी म्हणाले. "खड्डे भरनार न्हाईत."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पोहे आना."

माझ्या पुटकुळ्या बाविसाव्या वर्षी आपोआप गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचे वण आहेत तसेच आहेत. रोज सकाळी तो दाढी करतो तेव्हा मी आरसा मागत नाही. माझा वेगळा आहे, खिडकीपाशी, उजेडात.